निंबाखालून आलेल्या खुणा

बंटची खूण मी दिलीच नव्हती, आणि तरी प्रल्हाद अढाऊनं बंट केला.

तिसऱ्या बेसजवळ चुन्यानं आखलेल्या चौकोनात मी उभी होते. बेसबॉलमध्ये कोचची ती जागा. तिथून तो बॅटरला हातवाऱ्यांनी सांगतो, मार, थांब, सोडून दे, बंट कर. बंट म्हणजे बॅट फिरवायची नाही, नुसती आडवी धरून चेंडू पायाशी पाडायचा. समोरचे तो उचलायला धावतात तेवढ्यात आपला गडी पुढचा बेस गाठतो. मी प्रल्हादला चांगलं ठळक 'मार' म्हणून सांगितलं होतं. त्यानं माझ्या दिशेनं पाहिलं, मान हलवली आणि बॅट आडवी धरली. चेंडू पायाशी पडला, तिसऱ्या बेसवरून इरफान सुटला तो थेट होमला, म्हणजे बॅटरच्या बेसला, पोचला, रन झाली, आणि आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेची सेमीफायनल आम्ही जिंकलो.

पोरं एकमेकांच्या अंगावर पडली. कॉलेजच्या भिंतीवर बसलेल्या गावकऱ्यांतून कुणीतरी मोठ्यानं म्हणालं, "भुयार सरची टीम हाय बाबू, हारते काय?"

भुयार सर निवृत्त होऊन वर्ष होत आलं होतं. कोच मी होते.

मी प्रल्हादला बाजूला घेतलं. तो टीमचा कॅप्टन, उंच, हडकुळा, आणि खोटं बोलायचा कंटाळा असलेला मुलगा.

"मी काय खूण दिली होती तुला?"

"मार म्हणून."

"आणि तू काय केलंस?"

"बंट."

"का?"

तो माझ्या खांद्यावरून पलीकडे बघायला लागला. "सरनं बंट देल्ला ना, मॅडम."

मी वळून पाहिलं. माझ्या चौकोनाच्या बरोब्बर मागे, मैदानाच्या कडेला कडूनिंब आहे. त्याच्या सावलीत ऑफिसातली लोखंडी खुर्ची होती, खुर्चीत भुयार सर होते आणि सरांच्या डाव्या मनगटावर घड्याळ होतं. स्पर्धा सुरू झाल्यापासून बॅटिंगला येणारा प्रत्येक मुलगा माझ्याकडे बघतो म्हणून मी मनातल्या मनात खूश होते. तो माझ्या डोक्यावरून निंबाकडे बघत होता.

घड्याळाचं सांगायला हवं, नाहीतर माझा पारा एवढा का चढला ते कळायचं नाही.

आमच्या तालुक्याच्या गावात बेसबॉल आणला काळमेघ सरांनी. कुठल्याशा शिबिरात ते हा खेळ शिकून आले आणि पहिली बॅट त्यांनी गावातल्या सुताराकडून घडवून घेतली. ते पहिले कोच. समोरच्या टीमला कळू नयेत म्हणून खुणा त्यांनीच बसवल्या. कोच सारखा कानाला, कोपराला, कॉलरला हात लावत राहणार, त्यातलं काहीच खरं नाही. मनगटावरच्या घड्याळाला हात लागला की त्यानंतरची खूण तेवढी खरी. ह्या घड्याळाला पोरं 'चावी' म्हणायची. त्या काळी सबंध मैदानावर घड्याळ एकट्या कोचच्या हातात असायचं.

काळमेघ सर निवृत्त झाले त्या दिवशी त्यांनी मैदानाच्या मधोमध उभं राहून भुयार सरांना सांगितलं, "आजपासून चावी तुझी." त्यानंतर ते रोज संध्याकाळी सराव बघायला यायचे, पण घड्याळ घरी ठेवून. मी तेव्हा कॉलेजच्या मुलींच्या सॉफ्टबॉल टीममध्ये होते. कुणी काळमेघ सरांना वेळ विचारली की ते भुयार सरांकडे बोट दाखवायचे. वेळही त्यांनी पुन्हा कधी सांगितली नाही. आमच्यात कोच बदलायची रीत ही अशी होती. हारतुरे, शाल, नारळ हे सगळं कॉलेजचं. चावी मैदानाची.

भुयार सरांनीही मला ती दिली होती. भर मैदानात, सगळ्या पोरांसमोर, तेच शब्द म्हणून. आणि दुसऱ्या दिवशी ते स्वतःचं घड्याळ घालून आले. माझ्या ते लक्षातसुद्धा आलं नाही, कारण घड्याळाशिवाय मी त्यांना कधी पाहिलंच नव्हतं.

सेमीफायनलच्या संध्याकाळी मी सरांच्या घरी गेले. काकूंनी दार उघडलं, "ये वं निर्मला," म्हणाल्या आणि चहा टाकायला आत गेल्या. सर ओट्यावर बसून शेंगा फोडत होते.

"ये टवलारे," सर म्हणाले. खेळाडूंना ते आडनावानंच हाक मारायचे. "चांगली झाली मॅच."

"सर, बंट तुम्ही दिला?"

"मी?" त्यांनी शेंगेतला दाणा तोंडात टाकला. "मी त नुसता बसून होतो."

"घड्याळाला हात लावून बसला होतात."

"आता हात हायेत, लागतात इकडं तिकडं. माशी बसली म्हणून हाकलायची बी नाही काय?"

"प्रत्येक वेळी माशी घड्याळावरच बसते?"

सर हसले. त्यांचं हसू मला आवडायचं. मी अठरा वर्षांची असताना त्यांनी मला पहिला ग्लोव्ह दिला, बापाशी भांडून मला शारीरिक शिक्षणाच्या कोर्सला नागपूरला पाठवलं, आणि सिलेक्शन कमिटीसमोर पोरांच्या टीमला बाई कोच कशाला म्हणणाऱ्यांची तोंडं त्यांनीच बंद केली. हे सगळं मला पाठ होतं आणि म्हणूनच राग जास्त येत होता. परक्या माणसाला चार शब्द सुनावून मोकळं होता येतं.

"जिंकलो ना पण?" सर म्हणाले. "तू 'मार' देल्ला होता. मारला असता त काय झालं असतं, सांग."

"माहीत नाही."

"मले माहीत हाय. त्याचा पाय हालत होता. पाय हालते तवा तो पोरगा उडवते चेंडू. कॅच गेला असता."

त्यांचं बरोबर होतं. पाय हलत होता, मी पाहिला नव्हता. तरीही मी बोलले, कारण तिथं गप्प बसले असते तर आयुष्यभर मूग गिळून बसावं लागलं असतं.

"काळमेघ सर घड्याळ घरी ठेवून यायचे."

सरांचा शेंग फोडणारा हात थांबला. आवाज न चढवता ते म्हणाले, "काळमेघ सरच्या जागी मी आलो होतो, टवलारे. माझ्या जागी कोण आलं?"

काकू चहा घेऊन आल्या होत्या. त्यांनी कप माझ्या हातात न देता खाली ठेवला आणि नवऱ्याकडे बघत राहिल्या. मी चहा न पिता निघाले. अपमान झाला म्हणून नव्हे. आणखी दोन मिनिटं बसले असते तर रडले असते, आणि ते त्यांच्यासमोर नको होतं.

फायनल दुसऱ्याच दिवशी, आमच्याच मैदानावर होती. सकाळी पोरं बुटांच्या नाड्या बांधत बसली होती तेव्हा मी त्यांच्यासमोर उभी राहिले.

"काल कुणाच्या खुणेवर खेळलात?"

कुणी वर बघेना. शेवटी इरफान बोलला. आमचा कॅचर, तोंडाचा तिखट. "मॅडम, तुमचंबी पाहातो, सरचंबी पाहातो. एक निंगालं त चांगलंच. येगळं निंगालं त सरचं आयकतो."

"का?"

"सर जिंकून देतेत ना."

"आणि मी?"

इरफाननं प्रल्हादकडे पाहिलं. प्रल्हाद नाडीशीच खेळत म्हणाला, "तुमचं अजून पाह्यलंच नाही, मॅडम. पाहाची येळच नाही आली."

पोरगा खरं बोलत होता. माझी एकही खूण ज्या टीमनं खेळून पाहिली नाही, त्या टीमला माझी खूण चालते की नाही हे कुणाला कसं कळावं?

"चावी बदलता का मॅडम?" प्रल्हादनं विचारलं. "कानाले हात, नाहीतर टोपीले. आमी घेऊ ध्यानात."

रात्रभर मीही तोच विचार केला होता. सोपं होतं ते. सर निंबाखाली घड्याळ चोळत बसले असते आणि मुलांना त्याचा अर्थच उरला नसता. पण मग मी चावी चोरल्यासारखं झालं असतं. रीतसर मिळालेली वस्तू लपवून का वापरायची?

"चावी तीच," मी म्हणाले. "घड्याळच. फक्त मी आज पहिल्या बेसपाशी उभी राहणार."

पोरं चमकली. पहिल्या बेसजवळही कोचसाठी चौकोन असतो, पण तिथं आम्ही एखादा राखीव खेळाडू उभा करत असू. खुणा तिसऱ्या बेसवरून येतात, ही काळमेघ सरांपासूनची सवय. प्रल्हादच्या लक्षात सगळ्यांत आधी आलं. पहिला बेस उजवीकडे, निंब डावीकडे. आता माझ्याकडे बघायचं तर निंबाकडे पाठ करावी लागणार होती आणि निंबाकडे बघायचं तर माझ्याकडे. माझ्या डोक्यावरून बघायची सोय संपली होती. कोण कुणाकडे बघतो ते मला दिसणार होतं, सरांना दिसणार होतं आणि भिंतीवर बसलेल्या अख्ख्या गावाला दिसणार होतं.

"मॅडम," प्रल्हाद हळूच म्हणाला, "हे लय कठीण हाय."

"आहे," मी म्हणाले. "चला."

मॅच सुरू झाली. मी पहिल्या बेसजवळच्या चौकोनात जाऊन उभी राहिले आणि पहिल्यांदाच मला सर समोरून दिसले. सगळं मैदान आमच्या दोघांच्या मध्ये होतं. त्यांनी खुर्ची जरा पुढे ओढून घेतली. मी कुठं उभी आहे हे कळायला त्यांना एक क्षणही लागला नसेल. ते उठून गेले नाहीत. सावकाश पायावर पाय टाकला आणि घड्याळाला हात लावला.

पहिला बॅटर मैदानात आला आणि निंबाकडे वळला. दुसराही तिकडेच वळला. भिंतीवरून कुणीतरी हसलं. माझे हात खुणा करत राहिले, कुणीही बघत नसलेल्या खुणा, आणि माझ्या कानाच्या पाळ्या गरम झाल्या. आपण उंटावरून शेळ्या हाकायला उभे आहोत असं गावाला वाटत असणार, हे मला कळत होतं. तरी मी जागा सोडली नाही आणि हातही थांबवले नाहीत.

तिसऱ्या इनिंगमध्ये इरफान आला. तो निंबाकडे वळला, मग का कोण जाणे, माझ्याकडे वळला. आमच्या दोघांच्या खुणा सारख्याच निघाल्या असाव्यात, कारण तो मोकळेपणानं हसला आणि त्यानं चेंडू दोन गड्यांच्या मधून काढला. त्यानंतर मुलं दोन्हीकडे बघायला लागली. एकदा इकडे, एकदा तिकडे. समोरच्या टीमचा पिचर वैतागून अंपायरला म्हणाला, "हे लोक खेळून राहिले का रस्ता ओलांडून राहिले?"

शेवटची इनिंग आली तेव्हा आम्ही एका रननं मागे होतो. तीन गडी बाद झाले की डाव संपतो; आमचा एक गेला होता, इरफान तिसऱ्या बेसवर, आणि बॅटिंगला प्रल्हाद. इरफान होमला आला तर बरोबरी, आणि पुढं सगळंच शक्य.

भिंतीवरच्यांना, मांडवात पाहुण्यांबरोबर बसलेल्या प्राचार्य बोंड्यांना, समोरच्या टीमलासुद्धा माहीत होतं की अशा वेळी भुयार सर काय करतात. सरांनी कॉलर ओढली, कोपर चोळलं, घड्याळाला हात लावला आणि गुडघ्यावर थाप मारली. बंट.

मी पिचरकडे पाहिलं. त्याचा खांदा थकून उतरला होता, चेंडू सरळ आणि मऊ येत होता. प्रल्हादनं त्या दिवशी त्याला दोनदा दणदणीत मारलं होतं. प्रल्हादच्या पायाकडे पाहिलं, पाय स्थिर होता. मी कान धरला, टोपी नीट केली, घड्याळाला हात लावला आणि दंडावरून हात फिरवला. मार.

प्रल्हाद निंबाकडे वळला. मग माझ्याकडे वळला. पुन्हा निंबाकडे. अंपायरनं त्याला उभं राहायला सांगितलं तरी तो जागेवर गेला नाही. त्याचं तोंड मला दिसत नव्हतं, सरांना दिसत होतं. सरांनी पुन्हा घड्याळाला हात लावला आणि गुडघ्यावर थाप मारली, एवढ्या जोरात की ती खूण राहिली नाही, हुकूम झाला. मी माझी खूण पुन्हा केली नाही. एकदा सांगून झालं होतं.

प्रल्हादनं निंबाकडे पाठ केली, माझ्याकडे बघून टोपीला हात लावला आणि बॅट खांद्यावर घेऊन उभा राहिला.

चेंडू सरळ आला. त्यानं फिरवली. आवाज असा आला की मांडवातली माणसं उठून उभी राहिली. इरफान होमकडे सुटला. चेंडू पुरुषभर उंचीवरून, कुठंही न वळता, तिसऱ्या बेसवरच्या गड्याच्या ग्लोव्हमध्ये शिरला. त्यालाही तो दिसला नसावा. त्यानं ग्लोव्ह तोंडापुढं धरला होता एवढंच. मग त्यानं ग्लोव्हमध्ये वाकून पाहिलं, चेंडू आहे याची खात्री केली आणि एक पाऊल मागं येऊन बेसवर पाय ठेवला. प्रल्हाद कॅच आउट झाला; कॅच गेला की धावणाऱ्याला आपल्या बेसवर परतावं लागतं, आणि इरफानला परत फिरायला वेळच नव्हता. एका चेंडूत दोन गडी गेले आणि मॅच संपली.

समोरची पोरं नाचायला लागली. आमची होती तिथंच बसली. प्रल्हाद माझ्याकडे आला. त्याचा चेहरा पांढरा पडला होता.

"मॅडम, चुकलो का मी?"

"नाही. मी सांगितलं तेच केलंस, आणि चांगलं केलंस."

प्राचार्य मांडवातून उतरून आले. ते माझ्यापर्यंत आले नाहीत. सरळ निंबाकडे वळले, आणि मधल्या वाटेवरच त्यांना भुयार सर भेटले, कारण सर उठून मैदानात आले होते. निवृत्तीनंतर त्यांनी चुन्याची रेघ ओलांडलेली मी पहिल्यांदा पाहिली. मी तिथं पोचले तेव्हा प्राचार्य विचारत होते, "सर, काय झालं हो हे? हातातली मॅच. बंट का नाही केला पोरानं?"

सरांच्या कपाळावरची शीर उडत होती. "मले काय विचारता?" त्यांनी माझ्याकडे हात केला. "तिले विचारा. तिची टीम हाय."

रागानं म्हणाले ते. हात झटकावे तसं म्हणाले. पोरांनी ऐकलं, मांडवातल्यांनी ऐकलं, अंपायरनंही ऐकलं. गेलं वर्षभर मी हे वाक्य ऐकायला तरसत होते. एकेक मॅच जिंकताना वाट बघत होते की आता कुणीतरी म्हणेल, आणि प्रत्येक वेळी ते 'भुयार सरची टीम' म्हणत निघून जात होते. जिंकून ते मला कधी मिळालं नसतं. माझ्या छातीत एवढं भरून आलं की प्राचार्य माझ्याकडे वळून काय विचारताहेत ते मला पहिल्यांदा ऐकूच आलं नाही.

"मॅडम, मी विचारतोय, निर्णय कुणाचा होता?"

"माझा," मी म्हणाले. "माझी टीम, माझी खूण, माझी हार. लेखी हवं असेल तर तसं देते."

प्राचार्यांना एवढ्या सरळ उत्तराची सवय नव्हती. ते पाहुण्यांकडे परत गेले. सर आणि मी उरलो. पोरं थोड्या अंतरावर बसली होती आणि ऐकत नाही असं दाखवत होती.

"बंट होता, टवलारे," सर म्हणाले. आवाज आता खाली आला होता. "पोट्टं बी सांगेल, बंट होता."

"हो सर. बंट दिला असता तर बरोबरी झाली असती."

"मंग?" त्यांना वाटलं मी आता माफी मागणार. त्यांचा हात माझ्या खांद्यावर ठेवायला थोडा उचललाही गेला होता.

"मग उद्यापासून तुम्ही निंबाखाली बसायचं नाही."

हात तसाच खाली गेला. त्यांनी मागं वळून खुर्चीकडे पाहिलं. कुणी ती एव्हाना उचलून ऑफिसात नेली होती, मॅच संपली की नेतात तशी.

"मी कोठी बसू मंग?" ते म्हणाले.

मला वाईट वाटलं. पण तेवढ्यासाठी ती जागा परत दिली असती तर प्रल्हादनं ज्या खुणेसाठी निंबाकडे पाठ फिरवली, तिला काही किंमत राहिली नसती.

"ते तुम्ही ठरवा, सर," मी म्हणाले, आणि पोरांकडे वळले. "बॅटा गोळा करा. उद्या सकाळी सहाला सराव."

"उद्या?" इरफान म्हणाला. "हारल्यावर बी?"

"हरलो म्हणूनच. उद्या सकाळभर बंटच करायचा आहे," मी म्हणाले, निघालेल्या, पाठमोऱ्या सरांना नीट ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं.